चार महिन्यांचे मानधन आणि सत्तेचाळीस वकालतनामे

२०२४च्या अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवर गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघालेल्या असताना मी तुकोगंज भागातील आमच्या ऑफिसात बसून पीथमपूरच्या एका कारखान्याच्या वतीने उत्तर लिहीत होते. पक्षकाराची ओळख पटेल असे काही सांगणे वकिलाला शोभत नाही, म्हणून एवढेच सांगते की तिथे ११ वर्षे गाडी चालवणाऱ्या एका माणसाने ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला होता आणि तो आमचा नोकर नव्हताच, ठरावीक रकमेवर सेवा देणारा स्वतंत्र माणूस होता, असे कारखान्याचे म्हणणे होते. तेव्हा लागू असलेल्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे ५ वर्षे सलग नोकरी झाली की दर वर्षाला १५ दिवसांचे वेतन द्यावे लागे. तेव्हा ११ वर्षांचा हिशेब टाळायचा तर माणूस नोकर नव्हता असे म्हणण्यावाचून मार्ग नव्हता. ‘उभय पक्षांत मालक-नोकर संबंध कधीही अस्तित्वात नव्हता’ हे वाक्य मी टाइप केले आणि अर्जासोबतची कागदपत्रे चाळू लागले. त्याची येण्याजाण्याची वेळ कारखाना ठरवत होता, कामाचा क्रम कारखाना ठरवत होता आणि तो आला नाही की त्या दिवसाचे पैसे कापले जात होते. धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या १९५६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिठागरातील अगरियांबाबत हीच कसोटी लावली होती: काम काय करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? तो निकाल आमच्या प्रकरणाला लागू नाही असे कसे दाखवावे याचा विचार करत असताना माझ्या ध्यानात आले की या तिन्ही गोष्टी मलाही तंतोतंत लागू आहेत, आणि माझ्याजवळ तर अर्जाला जोडायला त्या ड्रायव्हरइतकेही कागद नाहीत.

मी त्या फर्ममध्ये ऑगस्ट २०२२मध्ये लागले. देवी अहिल्या विद्यापीठाची पदवी, जबलपूरच्या राज्य अधिवक्ता परिषदेची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा असे सगळे पार पडल्यावर घरात आनंद होता. लोकमान्यनगरात आमच्या ओळखीत वकील कोणी नव्हते, त्यामुळे दोन भागीदार आणि चौदा-पंधरा वकील असलेले ऑफिस ही आम्हांला मोठीच गोष्ट वाटली. मुलाखत दहा मिनिटांची झाली. सुरुवातीला महिना १०,००० मिळतील, काम शिकायला मिळेल आणि आपण इथे सगळे एका कुटुंबासारखे आहोत, एवढे मोठ्या साहेबांनी सांगितले. नेमणुकीचे पत्र मी मागितले नाही आणि त्यांनी दिले नाही. पुढे मी कित्येक पक्षकारांना ‘लेखी काय आहे?’ असा प्रश्न विचारला, तेव्हा मनातल्या मनात मला दर वेळी थोडे ओशाळल्यासारखे होत असे.

दिवस असा जाई. सकाळी साडेनऊला ऑफिस, साडेदहापासून उच्च न्यायालयाच्या खंडपीठात किंवा जिल्हा न्यायालयात, संध्याकाळी सहाला पुन्हा ऑफिस आणि मग रात्री साडेदहा-अकरापर्यंत दुसऱ्या दिवशीच्या पेश्यांची तयारी. (मराठीत ‘सुनावणी’ हा चांगला शब्द असला तरी इंदूरच्या आम्हां मराठी वकिलांच्या तोंडी ‘पेशी’च येते.) उद्याची कॉज लिस्ट, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, संध्याकाळी आली की तिच्यातील आमची प्रकरणे हुडकून फायली काढायच्या, आदेशपत्रिका वाचून साहेबांसाठी अर्ध्या पानाचे टिपण करायचे, आणि रजिस्ट्रीने (न्यायालयाच्या कार्यालयाने) डिफॉल्ट, म्हणजे कागदांतला दोष, काढलेला असेल तर तो दुरुस्त करायचा. पहिली दीड वर्षे बहुतेक दिवस मी पानांवर क्रमांक टाकले असे म्हटले तरी चालेल. आमचे मुन्शी (वकिलांचे कारकून), ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, सुई-दोऱ्याने फाइल शिवताना मला म्हणाले होते, ‘ताई, अनुक्रमणिका चुकली तर साहेबांची बहस कितीही चांगली असू द्या, जज पान शोधत बसतो आणि वैतागतो.’ काकांकडून शिकलेले मला आजही उपयोगी पडते. त्या कष्टाबद्दल माझी तक्रार नाही. या धंद्यात हात काळे केल्याशिवाय फाइल कळत नाही. तक्रार आहे ती रात्री दहा वाजता उठणाऱ्या त्या एका वाक्याबद्दल: ‘परिच्छेद बारा पुन्हा लिहूया.’ परिच्छेद बारा दुपारीही पुन्हा लिहिता आला असता, पण दुपारी साहेब बार रूममध्ये असत, आणि जो उशिरापर्यंत बसतो तोच मेहनती असा ऑफिसचा समज असल्यामुळे काम संपलेले वकीलसुद्धा स्क्रीनकडे पाहत बसून राहत.

पहिल्या महिन्यात खात्यावर ९,००० जमा झाले. अकाउंटंटना विचारले तेव्हा त्यांनी समजावले की हे वेतन नाही, व्यावसायिक शुल्क आहे आणि त्यावर आयकर कायद्याच्या कलम १९४जेखाली १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. याचे मूळ अधिवक्ता परिषदेच्या नियमांत आहे. नियम ४९प्रमाणे वकिली चालू असेपर्यंत वकिलाला कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. वकिलाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी केलेला हा नियम लॉ फर्मच्या फार सोयीचा ठरतो, कारण नोकर नाही म्हटले की भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, हक्काची रजा नाही आणि प्रसूती रजेचा तर प्रश्नच नाही. हे सगळे तर्काला धरून आहे असे मी मानायला तयार होते. पण फेब्रुवारी २०२४मध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी सहा दिवस आले नाही, तेव्हा १३,००० मानधनातून २,६०० कापले गेले. मी नोकर नाही म्हणून मला रजा नाही, आणि रजा घेतली म्हणून नोकरासारखी कपात! मी हे अकाउंटंटना हसत हसत म्हटले. तेही हसले, रक्कम मात्र परत आली नाही.

एक कायदा मात्र मला मोजतो, हे मला तिथल्याच एका फाइलवर काम करताना कळले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत तात्पुरत्या, कंत्राटी आणि मोबदल्याशिवाय काम करणाऱ्या व्यक्तीही येतात, आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या जागी अंतर्गत समिती लागते. आमच्याकडे ती नव्हती. आम्ही दोघी-तिघींनी विषय काढल्यावर ‘तसे काही आपल्याकडे होत नाही’ असे उत्तर मिळाले. माझ्या बाबतीत खरोखरच तसे काही झाले नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

टीडीएसच्या बाबतीत मूर्खपणा माझा होता. पहिल्या आर्थिक वर्षात आठ महिन्यांचे ८,००० रुपये कापले गेले आणि उत्पन्न करपात्रच नाही या समजुतीने मी विवरणपत्र भरले नाही. मुदत उलटल्यावर परतावा मागण्यासाठी विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो, तो मी केला नाही. पुढच्या वर्षी शहाणी झाले. तेव्हाच्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीएखाली वकिलाला एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येत असे. माझी जमा १,५३,४०० होती, उत्पन्न ७६,७०० धरले गेले आणि कापलेले १५,३४० रुपये पूर्ण परत आले. कनिष्ठ वकिलांनी सुगम विवरणपत्र भरायला आणि आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता (माझ्या वेळचा फॉर्म २६एएस) दर तिमाहीला उघडून पाहायला पहिल्याच वर्षी शिकावे, एवढा एकच सल्ला मी न विचारता देते.

ऑक्टोबर २०२४मध्ये भारतीय अधिवक्ता परिषदेचे परिपत्रक आले, ज्यात कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावे असे म्हटले होते. बार रूममध्ये दोन दिवस त्याचीच चर्चा होती. मला तेव्हा १६,००० मिळत होते. परिपत्रक ही शिफारस आहे, बंधन नाही, हे आमच्या साहेबांनी विचारण्याआधीच सांगून टाकले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण त्याच महिन्यापासून १६,०००सुद्धा येणे बंद झाले. एका मोठ्या पक्षकाराची फी अडकली आहे, महिनाभर सांभाळून घ्या, असे सांगण्यात आले. दिवाळी गेली, नाताळच्या सुट्ट्या गेल्या, आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी मी ऑफिस सोडले तेव्हा चार महिन्यांचे ६४,००० रुपये येणे होते. भरीला असे आढळले की जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कापलेले ४,८०० रुपये २६एएसमध्ये दिसतच नव्हते.

ऑफिस सोडणे म्हणजे टेबलावरची पुस्तके उचलून निघणे, असे मला वाटत होते. काकांनी आठवण करून दिली, ‘ताई, वकालतनाम्यांचं काय?’ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४प्रमाणे वकालतनामा, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र, न्यायालयाच्या परवानगीने संपुष्टात येईपर्यंत चालूच राहते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सनद क्रमांक टाकून शोध घेतला, उच्च न्यायालयाची यादी वेगळी पाहिली आणि ४७ प्रकरणांत माझे नाव निघाले. त्यांतली काही तर मी कधी उघडूनही पाहिली नव्हती, साहेबांच्या सहीखाली सही करा म्हटले म्हणून केली होती. प्रत्येक प्रकरणात पक्षकाराला आगाऊ कळवले, फर्मचे इतर वकील कायम असल्याचे नमूद करून माझे नाव कमी करण्याचा अर्ज लिहिला, आणि फायलींची पुढची तारीख व अवस्था दाखवणारी यादी ईमेलने साहेबांना पाठवली. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चालले. एका दिवाणी न्यायाधीशांनी अर्ज वाचून विचारले, ‘भांडण झाले का?’ मी नाही म्हणाले. ते खरेच होते. भांडण झालेच नव्हते.

पैशांसाठी कुठे जायचे हा प्रश्न मी एखाद्या पक्षकाराचा असावा तसा वहीत मांडला. श्रम न्यायालय नाही, कारण वकील हा कामगार ठरत नाही. आदेश ३७खालील संक्षिप्त दावा नाही, कारण लेखी करार नाही. उरला वसुलीचा साधा दिवाणी दावा, ज्यात मी काम केले हे मलाच सिद्ध करावे लागणार. तेव्हा एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्याचा मला अजूनही आनंद वाटतो. उच्च न्यायालयाच्या आदेशपत्रिकेत सुरुवातीलाच हजर वकिलाचे नाव असते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळातील माझ्या नावाचे २३ आदेश मी संकेतस्थळावरून उतरवले, बँकेचे खातेउतारे आणि आधीच्या तिमाह्यांचे फॉर्म १६ए (टीडीएसचे दाखले) त्यांना जोडले, व्हॉट्सॲपवरचे रात्री अकराचे निरोप वेगळे छापले, आणि काकांनी शिकवल्याप्रमाणे अनुक्रमणिका करून सगळे शिवून टाकले.

नोटीस पाठवावी की नाही यावर घरात दोन मते होती. आई म्हणाली, त्याच इमारतीत त्याच लोकांसमोर तुला उभे राहायचे आहे, जाऊ दे. बाबा काही वेळ गप्प राहिले आणि मग आमच्या गल्लीतील एका आजोबांबद्दल बोलले, जे हुकुमचंद मिलमध्ये होते. ती मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३मध्ये सुटले. आजोबा तोवर राहिले नव्हते. ‘त्यांच्या घरात दर पेशीचा कागद जपून ठेवला होता,’ एवढेच बाबा म्हणाले. मी नोटीस पाठवली नाही. त्याऐवजी दोन पानांचे पत्र लिहिले, ज्यात एकही विशेषण नव्हते, फक्त तारखा आणि आकडे होते, आणि सोबत त्या शिवलेल्या फाइलची प्रत दिली.

नऊ दिवसांनी साहेबांचा स्वतःचा फोन आला. ऑफिसात चहा झाला, जिरावण घातलेले पोहे झाले, आईच्या तब्येतीची चौकशी झाली, आणि शेवटी ते फाइल उलटीपालटी करत म्हणाले, ‘अनुक्रमणिका छान केली आहेस.’ मला वाटते की ते मनापासून म्हणाले. एप्रिलमध्ये तीन महिन्यांचे पैसे टीडीएस कापून खात्यावर आले. अकाउंटंटनी तिमाही विवरणपत्र दुरुस्त करून भरले आणि जूनअखेर ते ४,८०० रुपये २६एएसमध्ये दिसू लागले. जानेवारीचे १६,००० मात्र त्यांनी नाकारले. तो महिना फायली सोपवण्याचा होता, कामाचा नव्हता, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्याजवळच्या २३ आदेशांपैकी सात आदेश जानेवारी महिन्यातले आहेत.

आता आम्ही तिघीजणी जिल्हा न्यायालयाजवळ एक खोली भाड्याने घेऊन बसतो. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दावा लावायची मुदत ३ वर्षांची असते. त्या फाइलच्या मुखपृष्ठावर मी पेन्सिलीने ३१ जानेवारी २०२८ लिहून ठेवले आहे आणि ती खालच्या खणात, चालू प्रकरणांच्या गठ्ठ्यात ठेवली आहे.