लख्ख घासलेला पॅन

शनिवारी रात्री पावणेनऊला पोर्क चॉपची प्लेट परत आली. "लोखंडासारखं लागतंय," एवढाच निरोप. चमचाभर रस चाखला. गोड-आंबट होता, पण मागून खिळा चोखल्यासारखी चव. रंगही मधासारखा नाही, शाईसारखा काळपट.

दोन प्लेटींना लागणारं सामान ठरलेलं आहे. हाडासकट दोन चॉप, दोन सेंटिमीटर जाडीचे, अर्धा चमचा मीठ चोळून चाळीस मिनिटं ठेवलेले. पाच पाकळ्या ठेचलेला लसूण, अर्धा चमचा जाड मिरपूड, तीन टेबलस्पून माडाचं व्हिनेगर, एक टेबलस्पून कोकमाचं आगळ, पन्नास ग्रॅम माडाचा काळा गूळ पाव कप पाण्यात विरघळवून गाळलेला. गाळायचाच, कचकच निघते. आगळ मुळातच खारट असतं, म्हणून रसात वेगळं मीठ नाही.

मापं सगळी बरोबर होती. मग पॅन उलटा करून पाहिला. बिडाचा जुना पॅन आतून राखाडी, चकचकीत! नव्या मुलाने संध्याकाळी तारेच्या घासणीने घासला होता. "दादा, किती काळा झाला होता तो," म्हणाला, जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच. तो काळा थर म्हणजे मळ नव्हे, जळून घट्ट बसलेलं तेल. तो गेला की आंबट थेट लोखंडाला भिडतं, लोखंड रसात उतरतं, आणि कोकमाचा लाल रंग त्याने काळवंडतो.

उरलेल्या सहा ऑर्डरी स्टीलच्या जाड पॅनवर काढल्या. चॉप कापडाने कोरडे केले. ओले टाकले तर भाजत नाहीत, वाफेवर शिजून पांढुरके पडतात. चरबीच्या कडेला दोन-तीन चिरा दिल्या, नाहीतर चॉप वाटीसारखा वळतो. स्टीलवर मांस आधी चिकटतं. घाईने उलथनं घातलं की सालपट पॅनलाच राहतं. तीन मिनिटं हात लावायचा नाही, आपोआप सुटतं. दुसरी बाजू तीन मिनिटं, मग चरबीची कड उभी धरून एक मिनिट.

मांस ताटलीत काढलं, चमचाभर चरबी ठेवून बाकीची ओतली. मंद आचेवर लसूण, मिरपूड, मग व्हिनेगर. त्या वेळी तोंड बाजूला, ठसका लागतो. बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घेतलं, मग गूळ आणि आगळ. गूळ आधी टाकायचा मोह आवरायचा, मांस भाजण्याच्या आचेवर तो जळून कडू होतो. दोन-तीन मिनिटांत बारीक फेसाचे मोठे, संथ बुडबुडे झाले, चमचा फिरवल्यावर बुडाला वाट दिसली. तिथेच मांस परत पॅनमध्ये. आणखी आटवला तर रस प्लेटमध्ये चिक्कीसारखा कडक होतो. झालाच तर दोन चमचे गरम पाणी.

थर्मामीटर हाडापासून लांब खुपसायचा. अमेरिकी कृषी खातं 2011 पासून 63 अंश आणि तीन मिनिटं विश्रांती पुरेशी मानतं. मी 70 पर्यंत नेतो. बाजारातल्या प्रत्येक डुकराचा इतिहास मला ठाऊक नसतो.

रात्री त्या पोराकडूनच पॅनला तेलाचा पातळ हात देऊन घेतला, धूर निघून थांबेपर्यंत तापवला, असं चार वेळा. आता काही आठवडे त्यात फक्त बटाट्याच्या काचऱ्या. रेशाद मसाला भरलेला बांगडासुद्धा नाही, त्या मसाल्यातही व्हिनेगर असतं.