गरिबाला फुकट नेट मिळत होतं, ते का नको म्हणालात?

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही मला हे विचारलंय. "बाई, फेसबुक गरिबाला फुकट इंटरनेट देत होतं म्हणे. तुमच्यासारख्या शिक्षकांनीच विरोध केला. का हो?" विचारण्यात राग नसतो, त्यांना खरंच कोडं पडलेलं असतं. मी दोन वाक्यांत उरकते आणि मग दिवसभर चुटपुट लागते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

२०१५ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द तेव्हा नुकता रुळत होता. मुलांसाठी मी इंटरनेटवर मराठी स्वाध्यायांचं एक छोटं पान केलं होतं: हातच्याची वजाबाकी, भागाकार, आठवड्याचं शुद्धलेखन. एका मुलाचे वडील वीटभट्टीवर कामाला होते. संध्याकाळी शाळेच्या कट्ट्यावर बसून ते हे पान उघडायचे. आधी बॅलन्स तपासायचा, मग पान उघडायचं, मग पुन्हा बॅलन्स. किती पैसे कापले गेले ते मुलाला मोठ्याने सांगायचे. एकदा ते माझ्या कानावर पडलं आणि त्याच रात्री मी पानावरची सगळी चित्रं काढून टाकली. नावाशेजारचा हसरा सूर्यसुद्धा.

तेव्हा फुकट या शब्दाची किंमत मला कळत नव्हती असं नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग भारतात आणलं. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे त्याचंच नाव फ्री बेसिक्स झालं. ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकी सगळ्याला नेहमीचे पैसे. डिसेंबरात वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. मार्क झुकेरबर्ग यांनी लेख लिहून महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं, की त्याला आता हवामान आणि बाजारभाव फुकट बघता येतात. मला ते खोटं वाटलं नाही. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा होता. कोणाच्या पानावरचा भाव फुकट दिसणार, हे ठरवणार कोण?

माझ्याच पानाचं बघा. त्या वडिलांच्या हातात फुकटची यादी असती, तर त्यांनी माझं पान उघडणं सोडून दिलं असतं, आणि त्यांचं काहीच चुकलं नसतं. "मग यादीत यायला अर्ज करा ना," असं एक सहकारी म्हणाले. अर्ज करता येत होता, खरं आहे. व्हिडिओ नको, जावास्क्रिप्ट नको, अशा अटी होत्या. माझं पान त्यात सहज बसलं असतं. पण अर्ज तपासणार फेसबुक, अटी ठरवणार फेसबुक, आणि वाचणाऱ्याची ये-जाही त्यांच्याच सर्व्हरमधून. माझ्या शाळेतल्या मुलाला भागाकाराची गणितं द्यायला मी कॅलिफोर्नियातल्या कंपनीची परवानगी काढायची? हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.

साधं पोस्टकार्ड ५० पैशांना. कलेक्टरसाहेबांना पाठवा नाहीतर मामाला, पैसे तेवढेच, आणि पोस्टमन दोन्ही कार्डं एकाच पिशवीतून नेतो. इंटरनेटवरच्या सगळ्या पानांना अशीच सारखी वागणूक द्या, नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे एवढंच मागणं.

फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१५ च्या मार्चमध्ये याबद्दल लोकांची मतं मागवली तेव्हा दहा लाखांवर ईमेल गेले. पुष्कळसे तयार मजकुराचे होते, आमच्या बाजूचेसुद्धा. मी माझा मराठीत लिहिला, दोन संध्याकाळी लागल्या. डिसेंबरात ट्रायने पुन्हा विचारलं, या वेळी थेट दरांबद्दल. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: कोणता मजकूर बघताय यावरून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड.

त्यात फुकट डेटा देऊ नका, असं म्हटलेलं नाही. द्या की, पण कुठलंही पान उघडू द्या. ट्रायनेच डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी फुकट देण्याची शिफारस केली होती. आमच्या गावात तो डेटा कधी आला नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. जिओ आल्यावर नेट स्वस्त झालं ते स्पर्धेमुळे, या नियमामुळे नव्हे, हेही मान्य. पण झालं तेव्हा सगळंच स्वस्त झालं. माझं पानही.

वाद मिटलाय असं मात्र समजू नका. अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचा नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये काढायचं ठरलं, २०२४ मध्ये परत आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. इकडे मोबाइल कंपन्या म्हणतात, मोठ्या संकेतस्थळांनी त्यांचा डेटा वाहून नेण्याचे पैसे आम्हाला द्यावेत. मोठी देतीलही. एकदा का तशी सवय लागली, की लहानांचा नंबर यायला किती वेळ?

राहता राहिले ते वडील. नियम येईपर्यंत आणि नेट स्वस्त होईपर्यंत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारला होता. शनिवारी शाळा सुटली की मी व्हरांड्यात बसायचे. सहा-सात पालक मोबाइल घेऊन यायचे, आणि आठवड्याचे स्वाध्याय मी एकेकाला ब्लूटूथवरून द्यायचे. एक फाइल जायला दोन-तीन मिनिटं लागायची. बॅलन्स कापला जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या फायलींत मी सूर्य परत घातला होता.