गार चहा

मराठीत 'गार चहा' ही तक्रार आहे. हाक मारूनही कुणी वेळेवर उठलं नाही, पेपरात डोकं घालून बसलं, फोनवर बोलत राहिलं, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "चहा गार होतोय!" त्यात 'गार' या शब्दावर जो जोर असतो, तो ताकाच्या किंवा माठातल्या पाण्याच्या वाट्याला कधी येत नाही. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये मी भर दुपारी ओट्याशी उभा राहून चहा मुद्दाम गार करायला लागलो, तेव्हा आईला वाटलं निवृत्तीचा परिणाम असावा.

सुरुवात लेकीने केली. बेंगळुरूहून येताना तिने फळांच्या चहाचा एक देखणा डबा आणला. वर स्ट्रॉबेरी, सफरचंद आणि संत्र्याच्या फोडी पाण्यात उड्या मारताहेत असं चित्र. "बाबा, यात कॅफिन नाही, तुम्हाला रात्री झोप लागेल." डबा ठेवून ती परत गेली आणि दुसऱ्या दिवशी बायकोने तो नेहमीच्या पद्धतीने केला. आधण, आलं, साखर, दूध. पातेल्यात गुलाबी पाणी आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या. "अहो, दूधवाल्याने नासकं दूध दिलं वाटतं." दूधवाला निर्दोष होता. ते पाणीच इतकं आंबट होतं की दूध फाटणारच.

मग मी चष्मा लावून डब्याची मागची बाजू वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे समोरचं चित्र दुकानदारासाठी आणि मागची यादी आपल्यासाठी. यादीत सगळ्यात वर हिबिस्कस. मग सफरचंदाचे वाळवलेले तुकडे, रोझहिप, संत्र्याची साल. चित्रात सर्वांत मोठी असलेली स्ट्रॉबेरी अगदी तळाशी, कृत्रिम स्वादाच्या शेजारी, चोरून बसल्यासारखी. चहाचं पान तर एकही नाही. आसामातल्या कुठल्याही मळ्याशी या डब्याचा संबंध नव्हता, नावापुरता सोडून.

हिबिस्कस म्हणजे जास्वंद, एवढं मला माहीत होतं. तसं मी आईला सांगितलं. "गणपतीचं फूल उकळतोस?" तिने विचारलं. उत्तर शोधताना कळलं की ही ती जास्वंद नाही. कूळ तेच, पण ही हिबिस्कस सॅबडॅरिफा, म्हणजे आपली लाल अंबाडी. चहात जातात त्या तिच्या पाकळ्याही नव्हेत. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जी जाड, रसरशीत लाल पात्यं राहतात, ती वाळवलेली. हे ऐकल्यावर आईचा डब्याबद्दलचा आदर वाढण्याऐवजी संपलाच. अंबाडी म्हणजे कण्या घालून शिजवलेली आंबट भाजी, वर लसणाची फोडणी, सोबत भाकरी. वाखाचे दोर वळायचे ते अंबाडीच्या दुसऱ्या भावंडाचे. तिला एवढ्या चकचकीत डब्यात बसवलेलं पाहून आई म्हणाली, "शिकली बाई अंबाडी."

रोझहिप म्हणजे गुलाबाचं फळ. एके काळी गुलशनाबाद म्हणवलेल्या नाशकात जन्म काढून मी गुलाबाला फळ धरलेलं पाहिलेलं नाही. कसं पाहणार? आपण फूल झाडावर ठेवतो कुठे? कळी उमलायच्या आत कापून बाजारात.

दुधाच्या फजितीनंतर मुलीला फोन केला. ती म्हणाली, हा थंडच प्यायचा, बर्फ घालून. नाशिककराला बर्फाचं पेय सुचवणं तसं धाडसाचं. आम्हाला आमच्या हवेचा अभिमान. चाळिशीला पारा टेकला तरी आम्ही 'संध्याकाळी बघा कशी झुळूक सुटते' म्हणत घाम पुसतो. पण त्या दिवशी झुळूक नव्हती आणि वीजही गेली होती.

आधी मी घाईघाईत कपभर करून त्यात बर्फ टाकला. रंगीत पाणी झालं. बर्फ वितळून पाणी वाढणार हे शाळेत शिकलेलं स्वयंपाकघरात आठवत नाही. दुसऱ्या खेपेला लिटरभरासाठी अर्धा लिटरच पाणी घेतलं, चांगलं खळखळ उकळलं, त्यात पाच पुड्या सोडल्या आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. साध्या चहाला इतका वेळ दिला तर तो कडवट होऊन सूड उगवतो. या फळांच्या मिश्रणात ते भय नाही, जरा जास्त आंबट होतं इतकंच. साखर गरम असतानाच विरघळवायची, नंतर ती ग्लासच्या बुडाशी वाळूसारखी बसून राहते. उरलेला अर्धा लिटर म्हणजे बर्फ. ज्यांना गॅससमोर उभं राहायचं नाही, त्यांनी रात्री पुड्या गार पाण्यात टाकून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळपर्यंत रंग उतरतो आणि आंबटपणाही सौम्य राहतो. मला हीच पद्धत जास्त आवडली, पण तीत करण्यासारखं काही नसल्यामुळे निवृत्त माणसाचं समाधान होत नाही.

आपल्या घरच्या चहापत्तीचाही मी एकदा प्रयोग केला. फ्रिजमधून काढला तर तो गढूळ, पावसाळ्यातल्या गोदावरीच्या रंगाचा. काळ्या चहातलं टॅनिन आणि कॅफिन गारव्यात एकमेकांना धरून बसतात, म्हणून तो असा दिसतो. अंबाडीच्या पाण्यात ती जोडी नाही, ते तळापर्यंत माणकासारखं नितळ. खरं सांगायचं तर निम्मं मन मी त्या रंगावरच हरलो.

बर्फावर मात्र नाशिकचा उपाय सापडला. मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागला की सुटे मणी स्वस्तात मिळतात. किलोभर आणले, धुतले, फडक्यावर कोरडे केले आणि फ्रीजरमध्ये टाकले. गोट्यांसारखे कडक होतात. ग्लासात पाच-सहा टाकले की चहा गार राहतो, पातळ होत नाही आणि शेवटी खायलाही काहीतरी उरतं. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराला हे सांगितलं तर तो हसेल, पण मे महिन्यात द्राक्ष खाण्याचा मला दुसरा मार्ग माहीत नाही.

गार चहाची कथा सांगताना अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या १९०४ सालच्या जागतिक प्रदर्शनाचं नाव निघतं. रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ तिथे भारतीय चहाचा प्रचार करायला गेले होते. उन्हाळा असा की गरम चहाला कुणी विचारेना, म्हणून त्यांनी तोच बर्फावर ओतला, अशी ती गोष्ट. खरं तर १८७९ साली छापलेल्या एका अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात गार चहा आहेच, त्यामुळे शोध त्यांचा नव्हे. मला आवडते ती त्यांची अडचण. चहा घेऊन उभा असलेला माणूस आणि 'आत्ता नको' म्हणणारे लोक.

माझी अडचण उलटी निघाली. खिडकीचं दार बसवायला सुतार आला होता. उन्हातून आलेला, म्हणून मी मोठ्या हौसेने ग्लास भरून दिला. त्याने एका दमात संपवला, "कोकम का?" विचारलं, द्राक्षाचे मणी चघळले आणि बसून राहिला. काम झालेलं, पैसे दिलेले. मी खिडकीच्या चौकटीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. शेवटी बायकोने आतून आवाज दिला, "चहा टाकलाय हो." तेव्हा तो मोकळेपणाने हसला आणि मांडी ठोकून बसला.

तेव्हा मला लक्षात आलं की आपल्याकडे पाहुण्याला चहापाणी असतं. पाणी म्हणजे जे गार येतं ते, चहा म्हणजे जो वाफाळता येतो तो. माझा माणकाच्या रंगाचा आइस टी निमूटपणे पाण्यात जमा झाला होता. त्यानंतर मी घरी येणाऱ्याला तो देतो, पण बायकोकडे एक नजर टाकूनच. ती तोवर आलं किसत असते.

इतरांनी या पेयाला नाव तरी दिलं आहे. इजिप्तमध्ये हेच पाणी करकदे, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत आग्वा दे हामायका. आपल्याकडे विदर्भात बोंडांची चटणी करतात, सरबतही करतात, पण ते 'अंबाडीचं सरबत' एवढ्यावरच थांबलं.

डबा जूनमध्ये संपला. तो पुन्हा विकत आणायची किंमत पाहून मी गच्चीतल्या दोन कुंड्यांमध्ये लाल अंबाडीचं बी टाकलं. पावसाळाभर ती नुसतीच उंच वाढली. आईने दोनदा पानं खुडून भाजी केली. फुलं आली आणि मग लाल बोंडं धरली ती नोव्हेंबरच्या शेवटी, निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू झाल्यावर, घरात कुणी बर्फाचं नाव काढत नव्हतं तेव्हा. मी स्वेटर घालून ती खुडली, पात्यं सोलून चार दिवस उन्हात वाळवली. सगळी मिळून एका लोणच्याच्या बरणीत अर्ध्यापर्यंत आली.

बरणीवर चिठ्ठी चिकटवायची म्हणून बायकोने पेन हातात दिलं. चहा लिहावं तर आईचा आक्षेप, सरबत लिहावं तर मुलगी हसणार. सध्या तिच्यावर नुसतं 'लाल' असं लिहिलं आहे.