पऱ्हाटीचा ढीग: फाल्गुनातली नोंद

मंडळी, खताचा ढीग तापला. लोखंडी सळई मधोमध खुपसून थोड्या वेळानं काढली, तर हातात धरवेना. थर्मामीटर ६२ अंशांवर.

यंदा कुट्टी केलेली पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं), सोयाबीनचं कुटार आणि शेण असे थर दिले. पऱ्हाटीत कार्बन भारी, नत्र नावाला. कार्बन-नत्राचं प्रमाण ३० ला १ च्या आसपास आलं की जिवाणू झपाट्यानं वाढतात, म्हणून धुऱ्यावरच्या गिरिपुष्पाचा हिरवा पालाही मधेमधे घातला.

ही धग म्हणजे गेल्या खरिपात पानांनी धरून ठेवलेलं ऊन. जिवाणूंच्या श्वसनातून सुटलं की गेलंच, परत हाती लागत नाही. ढीग बसत चाललाय तोही कार्बन हवेत जातोय म्हणून. नत्र, स्फुरद, पालाश मात्र वावरात परत फिरवता येतं. त्यातलं उडून जाणारं एकच, नत्र! पलटी मारताना शेणाचा थर जाड होता तिथून डोळ्यांना झोंबणारा अमोनिया आला. तिथं कुटार मिसळलं, वरून मातीचा हात फिरवला. वास बसला.

‘पेटवून मोकळं व्हा’ म्हणणारे गावोगाव आहेतच. राखेत पालाश, स्फुरद उरतं, पण नत्र नि गंधक बहुतेक धुरावाटे जातं. उरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून असते, त्यामुळे पऱ्हाटी उभी ठेवू नये हे खरं. पण अळी मारायला हा तापलेला ढीगही पुरतो. फक्त कडेचा माल पलटीत आत गेला पाहिजे.

कडेला, जरा निवलेल्या भागात, राखेगत पांढरे ठिपके धरलेत. बुरशी वाटते, पण हे अॅक्टिनोमायसीट्स, म्हणजे धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू. चिमूट चोळून पाहा, पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास बनवणारे हेच. पऱ्हाटीतलं चिवट लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा भाग, मुख्यतः बुरशी फोडते, पण तिला एवढी धग सोसत नाही. ढीग निवला की तिची पाळी, आणि गांडुळांचीही.

खालच्या थंड थरात भुंगेऱ्याच्या गोल वळलेल्या अळ्या निघाल्या. कोंबड्या तुटून पडल्या, कोतवाल तारेवर टपून. लिंडेमन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञानं १९४२ साली तळ्याच्या अभ्यासातून दाखवलं की कोण कुणाला खातं त्या अन्नसाखळीत पातळीगणिक ऊर्जा घटत जाते. ढोबळ हिशेब असा, की वरच्या पातळीला एक दशांशच पोचते. म्हणजे ढिगातल्या ऊर्जेपैकी कोंबडीच्या अंगी लागतं ते अगदी चिमूटभर. अंडी मात्र बरी देताहेत!

मृगाच्या आत खत वावरात टाकायचंय. तुराटी कुणी अशी कुजवून पाहिली का? कुट्टी किती बारीक लागते?