कोर्लईची आजी काही बोलेना

अलिबागहून मुरूडच्या एसटीत बसलो, रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि कोर्लईला उतरलो. पहिला दिवस किल्ल्यावर गेला. त्याबद्दल एवढंच सांगतो, की मे महिन्यात भर दुपारी किल्ला चढू नये आणि दीपगृहापाशी रील काढणाऱ्यांच्या मध्ये येऊ नये, शिव्या खाव्या लागतात.

मी आलो होतो ते किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीसाठी. १७४० साली चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेतून निपजलेली बोली या वस्तीत राहून गेली. गोवा लांब, आजूबाजूला सगळी मराठी. त्यामुळे शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. बोलणारे हजारही नसतील. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'.

एका ओटीवर आजी कोळंबी सोलत होत्या. मी फोन पुढे ठेवला आणि म्हटलं, "आजी, तुमच्या भाषेत थोडं बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही कसं बोलणार? कोणाशी?"

बरोबरच होतं, पण मला राग आला. पाण्याला काय म्हणता, माशाला काय म्हणता, असं विचारत सुटलो. त्या एकेक शब्द टाकायच्या आणि कोळंबीकडे बघायच्या. माझ्याआधीही कोणी कोणी फोन घेऊन येऊन गेलं होतं म्हणे. "सगळे हेच विचारतात. पाण्याला काय म्हणतात ते लिहून ठेवा की एकदा," त्या म्हणाल्या. चहा मात्र दिला, आणि तोही न विचारता.

शेवटी कंटाळून, बॅटरी वाचवावी म्हणून, रेकॉर्डिंग बंद केलं. तेवढ्यात नातू ओल्या पायांनी थेट कोळंबीच्या टोपल्यात! आजी कडाडल्या. एका दमात चांगली मिनिटभर नो लिंग. मला एक अक्षर कळलं नाही, तरी आपण मधे येऊ नये एवढं कळलं. नातू हसत मराठीत म्हणाला, "अगं, बघितलं नाही!" आणि पळाला.

"झालं ना तुमचं काम?" आजींनी विचारलं.

मी "हो" म्हणालो.

रात्री खोलीवर रेकॉर्डिंग ऐकलं. कोंबडा आहे, शेजारचा मिक्सर आहे आणि "याला काय म्हणतात?" असं अकरा वेळा विचारणारा मी आहे.