टर्मिनलमधलं वीचॅट आणि त्यात मराठी

माझ्या जुन्या लॅपटॉपला जेमतेम दोन जीबी रॅम आहे. ब्राउझरमध्ये चॅटचं एखादं आजकालचं अ‍ॅप उघडलं की पंखा घरघरतो आणि बाकीची कामं खोळंबतात. पण लिनक्स आणि पायथनवाली बरीच मंडळी अजूनही आयआरसीवर, म्हणजे इंटरनेट रिले चॅटवर, भेटतात, आणि मला त्यांनाच प्रश्न विचारायचे होते. यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात लिहिलेली ही व्यवस्था. सगळा कारभार नुसत्या मजकुराचा, म्हणून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची साधी खिडकी, पुरतं.

आयआरसीसाठी टर्मिनलमध्ये चालणारं इर्सी घ्यावं की वीचॅट, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी वीचॅट घेतलं, कारण डावीकडे चॅनेलची, म्हणजे गप्पांच्या खोल्यांची, यादी आणि उजवीकडे हजर माणसांची नावं काही न करता दिसतात. (घरी लगेच विचारणा झाली, ‘ते चिनी अ‍ॅप ना, बंदी घातलेलं?’ ते वेगळं. हे २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे.) डेबियन लिनक्सवर इन्स्टॉल व्हायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

सर्व्हर निवडला लिबेरा चॅट. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या जुन्या आयआरसी जाळ्याचे स्वयंसेवक एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी हे उभं केलं, तेव्हापासून बहुतेक मुक्त प्रकल्प इथेच आहेत. पोर्ट ६६९७ द्यायचा, म्हणजे जोडणी एन्क्रिप्टेड राहते. ६६६७ वर सगळं उघड्यावर जातं. मग टोपणनाव नोंदवायचं. निकसर्व्ह नावाच्या सेवेला पासवर्ड आणि ईमेल कळवायचा, ईमेलमध्ये आलेली ओळ परत टाइप करायची, झालं. हे न केल्यास काही चॅनेलमध्ये शिरताच येत नाही. पासवर्डची ओळ मात्र सर्व्हरच्या खिडकीतच लिहावी. आज्ञेच्या सुरुवातीला तिरकी रेघ (/) लागते. ती राहिली आणि समोर चॅनेल उघडं असलं, तर तुमचा पासवर्ड गावभर होतो.

दर वेळी लॉगिनची कटकट नको म्हणून एसएएसएल, म्हणजे जोडतानाच आपोआप ओळख पटवायची सोय, चालू केली. पासवर्ड सेटिंगमध्ये सरळ लिहिला तर तो फाइलमध्ये जशाच्या तसा पडून राहतो. वीचॅटच्या ‘सिक्युअर’ आज्ञेने तो एका परवलीमागे कुलूपबंद ठेवता येतो. बहुतेक मार्गदर्शकांत हा भाग शेवटी कुठेतरी असतो. मला तो पहिल्या पानावर हवा होता.

जोडलं गेल्यावर पडदाभर फक्त ‘अमका आला, तमका गेला’. वीचॅटमध्ये यासाठी ‘स्मार्ट फिल्टर’ आहे. जो गेल्या काही मिनिटांत बोललाच नाही, त्याची ये-जा लपते. तो लावल्यावरच वाचण्याजोगं काही दिसू लागलं. दुसरी अडचण अशी की आयआरसीचा सर्व्हर साधारणपणे जुने निरोप साठवत नाही. तुम्ही तिथे नसताना कोणी उत्तर दिलं, तर ते गेलंच. आणि उत्तरं तासातासांनी येतात, कारण समोरचा माणूस दुसऱ्या खंडात झोपलेला असतो. म्हणून मी वीचॅट घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टीमक्समध्ये (यात टर्मिनल सोडून गेलं तरी आतलं काम चालू राहतं) चालू ठेवते आणि लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, तिथे जाते. कंट्रोल-बी आणि डी दाबून बाहेर पडायचं. आत ते चालूच राहतं. लाइट गेली की अर्थात सगळंच जातं.

इथवर सगळं सरळ होतं. खरी झटापट मराठीची.

टर्मिनल अक्षरांना सारख्या मापाच्या चौकटीत बसवतं. देवनागरीला ते मानवत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात, आणि वीचॅटने धरलेली रुंदी टर्मिनलच्या रुंदीशी जुळत नसल्यामुळे कर्सर भलत्याच जागी उभा राहतो. लोहित देवनागरी हा फॉन्ट टाकून अक्षरं दिसायला लागली, पण जोडली गेली नाहीत, कारण दोष फॉन्टचा नव्हता. शेवटी एमएलटर्म हे टर्मिनल लावलं, जे अनेक लिप्यांचा विचार करूनच बनवलेलं आहे. त्यात जोडाक्षरं बऱ्यापैकी जुळतात. बॅकस्पेस मात्र आपल्याच तालात चालतो: ‘क्ष’ खोडायला गेलात तर आधी फक्त ‘ष’ जातो आणि मागे पाय मोडका ‘क्’ उरतो.

याहून मोठी गोची लांबीची. आयआरसीच्या एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा आहे, आणि त्यातच चॅनेलचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता, सगळं बसवायचं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. ‘कृष्णा’ लिहायला १८ बाइट लागतात. रोमन लिपीत तेच नाव सातांत होतं. म्हणजे एका संदेशात मराठीचे वीस-बावीस शब्द मावले तरी खूप. त्यापुढची ओळ वीचॅट आपण होऊन तोडतं आणि उरलेलं दुसऱ्या संदेशात पाठवतं.

मित्रमंडळींसाठी मी नावाआधी दोन हॅश (##) असलेलं एक चॅनेल उघडलं. प्रकल्पांची नसलेली चॅनेल लिबेरावर अशीच असतात. तिथे बोलणं मराठीतच होतं. दोघे जण मात्र रोमन लिपी सोडायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं एका ओळीत संपतं, माझ्या उत्तराचे दोन तुकडे होतात, आणि दुसरा तुकडा पोचायच्या आत त्यांचं पुढचं सुरू झालेलं असतं.