पोडायट्रीच्या चार्टवर मॉडिफायर २५ लावायची घाई नको

आम्ही मेडिकल कोडर, डॉक्टरच्या नोटवरून बिलाचे कोड लावतो; त्यात पोडायट्रीचे, म्हणजे पायांच्या डॉक्टरांचे, चार्ट सोपे असं फ्लोअरवर सगळेच म्हणतात, नखं आणि कुरुपं, त्यात काय एवढं. मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) रूटीन फूट केअरचे पैसे मुळात देतच नाही, नखं कापली, कुरूप तासलं की पैसे पेशंटच्या खिशातून. पण डायबेटिस किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल आणि घरच्या कुणी नखं कापणं धोक्याचं असेल तर मिळतात, आणि ते सगळं ठरतं डॉक्टरने नोटमध्ये काय लिहिलंय त्यावर.

समजा एक आजी आहेत, टाइप २ डायबेटिस, डॉक्टरने पीव्हीडी (पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार) लिहिलंय, उजव्या पायाच्या डॉर्सालिस पेडिस आणि पोस्टेरिअर टिबियल दोन्ही पल्स (पायातल्या नाड्या) लागत नाहीत, फंगसने जाड झालेली सात नखं ग्राइंडरने घासून कमी केली. सहा किंवा जास्त नखं म्हणून प्रोसिजर कोड ११७२१, न लागणाऱ्या दोन पल्स म्हणजे दोन क्लास बी फाइंडिंग (मेडिकेअरच्या यादीतली लक्षणं) म्हणून मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची खूण, क्यू८, डायग्नोसिस ई११.५१ (डायबेटिसमुळे रक्तवाहिन्यांचा आजार) आणि बी३५.१ (नखांचं फंगस). शिवाय डायबेटिस बघणाऱ्या डॉक्टरकडे गेल्या सहा महिन्यांत कधी गेल्या ती तारीख आणि त्या डॉक्टरचा एनपीआय (ओळख क्रमांक) क्लेमवर हवाच, नाहीतर डिनायल ठरलेलं.

आता इथे बरेच जण सवयीने ९९२१३ (व्हिजिटचा कोड) टाकून २५ (त्याच दिवशी प्रोसिजरपेक्षा वेगळी व्हिजिट झाली असं सांगणारा मॉडिफायर) लावून मोकळे होतात, का तर डॉक्टरने पाय तपासले. अरे पण नखं घासायच्या आधी पाय बघणारच ना, ते प्रोसिजरमध्येच धरलेलं असतं. हां, आजी म्हणाल्या टाच दुखते, डॉक्टरने ती वेगळी तपासली, प्लांटर फॅसायटिस लिहिलं, स्ट्रेचिंग आणि इनसोल सांगितलं, तर व्हिजिट खुशाल घ्या, २०२१ पासून व्हिजिटची लेव्हल एमडीएम (डॉक्टरचा निर्णय किती गुंतागुंतीचा ते) किंवा वेळेवर ठरते त्यामुळे हिस्टरी किती लांबलचक आहे ते मोजत बसू नका. पण टाचेचा विषयच नसताना व्हिजिट लावली तर ऑडिटमध्ये पैसे परत जातात आणि त्या बाईंनी त्या व्हिजिटचा स्वतःचा वाटा उगीच भरलेला असतो, ते मला फार लागतं.

कुरुपाचंही तसंच. ज्या बोटाचं नख घासलं त्याच बोटाच्या टोकाला कुरूप असेल तर ११०५५ (एक कुरूप तासण्याचा कोड) वेगळा मिळत नाही, दुसऱ्या बोटावर असेल तर ५९ (जागा वेगळी आहे असं सांगणारा मॉडिफायर) लावून घेता येतो. म्हणून कुठलं बोट ते नोटमध्ये आधी शोधा, आणि लिहिलंच नसेल तर अंदाजाने टी५ (उजव्या पायाचा अंगठा) वगैरे टाकू नका, डॉक्टरला क्वेरी पाठवा.